तात्यांचा डेक आणि आमच्या कैऱ्या

भर मे महिन्यात, टळटळीत उन्हात, मी सलग दोन दिवस गच्चीवर एका सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. उपोषण नव्हतं, अनुष्ठान नव्हतं. माझ्याखाली एक डाग होता.

ती दुष्काळाची वर्षं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही त्याच्या मर्जीनं. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे पगार नंतर विचारायचे, आधी विचारायचे, "टँकर का बोअर?" शहर मात्र वाढतच होतं. बीड बायपासच्या पलीकडं जिथं बाजरी डुलायची तिथं रो-हाउस उभे राहिले, आणि त्यातल्याच एका घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. आम्ही म्हणजे मी (व्यवसाय : शाळामास्तर), बायको शोभा आणि माझी आई. खाली घरमालक तात्या. आणि तात्यांच्या बोअरला पाणी होतं. अख्ख्या कॉलनीत तेवढ्या एकाच बोअरला. हे घर सुटलं असतं तर मी रिकामी घागर घेऊन शाळेत गेलो असतो, एवढं लक्षात ठेवा.

तात्यांची एकच अट होती. डेक.

त्यांच्या पुण्याच्या मुलानं गच्चीवर बसवून दिलेला. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून फळ्या करतात, त्या एकाला एक लावलेल्या. दिसायला सागवान. तात्या त्यावर चप्पल घालून कधी गेले नाहीत आणि कुणाला जाऊ दिलं नाही. सकाळ-संध्याकाळ स्वतः केरसुणी फिरवायचे. घर दाखवायच्या दिवशी आम्हाला वर नेऊन म्हणाले, "गुर्जी, माझं शेत गेलं, त्याचे प्लॉट पडले. आमचं खळं बरोबर ह्याच जागी होतं बघा, खाली. आता राहिलं ते एवढंच. लई जपा."

हे ऐकून मला गहिवरून आलं होतं. शेजाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी जिन्यात गाठून सांगितलं की आधीचा भाडेकरू डेकवर चहा सांडला म्हणून गेला. तेव्हा गहिवर गेला आणि भीती राहायला आली.

त्या मे महिन्यात तात्या भाचीच्या लग्नाला आठ दिवस वैजापूरला निघाले. निघताना डेक माझ्या हवाली केला. डेक बसवणाऱ्या माणसानं दिलेला सूचनांचा कागद जिन्याच्या दाराला खिळ्यानं ठोकला होता, तो त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला. तारेची घासणी वापरू नये. अॅसिड वापरू नये. टोकदार व जड वस्तू ठेवू नये. तेल सांडल्यास ताबडतोब कोमट पाणी व भांड्याचा साबण.

"कळलं?" तात्या म्हणाले.

"कळलं," मी म्हणालो. मंत्रिपदाची शपथ घेतानासुद्धा माणूस एवढा गंभीर होत नसेल.

तात्या गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईनं लोणच्याच्या कैऱ्या आणल्या. मी शाळेत, निकालाच्या कामाला. शोभा माहेरी, चिकलठाण्याला. आईनं फोडी केल्या, त्यांना हळद-मीठ चोळलं आणि पाणी सुटायला जुन्या सुती लुगड्यावर उन्हात पसरल्या. कुठं? तर घरातल्या सगळ्यात स्वच्छ जागी.

"चप्पल काढूनच गेले होते," आई नंतर म्हणाली. यात मात्र तिची काही चूक नव्हती.

संध्याकाळी लुगडं उचललं तर खाली दुसरं लुगडं होतं. पिवळंधमक. कैऱ्यांचं खारट पाणी हळद घेऊन फळ्यांमध्ये मुरलं होतं, काठासकट. कागद पुन्हा वाचला. तेल होतं, चहा होता, पानाची पिंक होती. हळद नव्हती! ज्यानं कुणी हा डेक शोधला त्याच्या घरी लोणचं घालत नसावेत.

तेवढ्यात तात्यांचा फोन.

"गुर्जी, डेक कसाय?"

"मजेत," मी म्हणालो. डेकबद्दल असं कुणी बोलत नाही, हे फोन ठेवल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुवायला घेतला. पण धुणार कशानं? बोअरची मोटार सकाळी वीस मिनिटं चालायची, त्यात पिण्याचं आणि आंघोळीचं. बाकी घरात पाण्याचा थेंब दोनदा राबायचा. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, धुण्याचं पाणी संडासाला. तेव्हा मी काटकसरी माणसासारखा विचार केला आणि कालच्या धुण्याचं पाणी, चांगलं कपड्याच्या सोड्याचं, बादलीनं डागावर ओतायला लागलो.

डाग लाल झाला.

हळूहळू नाही. डोळ्यांदेखत. जिथं जिथं पाणी पोचलं तिथं तिथं पिवळ्याचा लाल. गच्चीवर बोकड कापल्यासारखं दिसायला लागलं. माझ्या हातातून बादली सुटली आणि उरलेला पिवळा भागही लाल झाला.

आवाजानं आई वर आली. वाकून बघितलं. शांतपणे म्हणाली, "अरे दिगू, ह्याचं तर कुंकू झालं."

"आई, तू मध्ये बोलू नकोस. मला यातलं कळतं."

"बरं," आई म्हणाली आणि कैऱ्या बघायला गेली.

शोभा माहेराहून आली ती थेट वर. तिनं डागाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा डागाकडं. "अहो, कुणाला लागलं?"

"कुणाला नाही. हळद आहे."

"हळद लाल?"

"आता झाली."

तिनं डोक्याला हात लावला. मग तिलाच आठवलं की तांब्याची भांडी लिंबानं निघतात. चार लिंबं पिळली. आणि काय सांगू, डाग परत पिवळा झाला! मला एवढा आनंद झाला की मी तिला म्हटलं, निम्मी लढाई जिंकली, आता फक्त पिवळा काढायचा. कागदात सांगितल्याप्रमाणं कोमट पाणी घेतलं, भांड्याचा साबण घेतला, मऊ फडक्यानं चोळलं.

लाल.

पुन्हा लिंबू. पिवळा. पुन्हा साबण. लाल. कुठंतरी हे सगळं आधी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण भीती बसली की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, हे कुठलं आठवायला! शोभा जिन्याच्या दारात बसून बघत होती. म्हणाली, "आकाशवाणी चौकातला सिग्नल आहे का हा? एकदा हिरवा होऊ द्या, मग आपण सामान घेऊन निघू."

"कुठं निघू?"

"जिथं टँकर येतो तिथं."

मला रडू यायचं बाकी होतं. डोळ्यांपुढं चौकातली टँकरची रांग दिसली, त्या रांगेत कळशी धरून उभी असलेली माझी आई दिसली, आणि ती भांडणात अजिबात मागं न हटणारी आई होती ही आणखी वेगळी काळजी. मी उठून तारेची घासणी आणली. शोभानं ती माझ्या हातातून काढून घेतली. "डाग पडला तर तात्या आपल्याला घालवतील. ओरखडा पडला तर पोरगाबी पुण्याहून येईल."

एवढ्यात शेजारी त्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला आला. तोच, चहाची बातमी देणारा. मी झटकन आमची मोठी सतरंजी आणून डागावर टाकली आणि त्याला हात केला. सतरंजी डागाहून थोडी तोकडी होती, एका बाजूनं वीतभर लाल पट्टा बाहेर राहिला, तिकडं मी पाठ करून उभा राहिलो. पण मे महिन्यातलं वारं काय वारं असतं? भोवरा आला की सतरंजी उचलून मुकुंदवाडीत नेऊन टाकेल. वर विटा ठेवाव्या तर जड वस्तू ठेवू नये. दगड ठेवावा तर टोकदार वस्तू ठेवू नये. कागदात माणूस ठेवू नये असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी बसलो.

डोक्यावर ओला पंचा, हातात छत्री. शोभा ताक आणून द्यायची. शेजाऱ्यानं विचारलं, "गुरुजी, काय चाललंय?" मी म्हणालो, "ध्यान." दुसऱ्या दिवशी त्यानं बायकोला दाखवायला आणलं. तिनं लांबून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला, काय करणार. संध्याकाळी फोन यायचा, "गुर्जी, डेक कसाय?" आणि मी म्हणायचो, "त्याच्यावरच बसलोय, तात्या." त्या दोन दिवसांत बोललेलं तेवढंच खरं. बाकी वेळ मी मनात घर बदलत होतो. कपाट कुठल्या टेम्पोत बसेल, आईला काय सांगायचं, आणि तात्यांच्या तोंडाकडं कसं बघायचं. खरं सांगायचं तर शेवटच्या गोष्टीची सगळ्यात जास्त भीती वाटत होती. ज्या माणसाचं शेत गेलं त्याचं उरलेलं खळं मी खराब केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तात्या आले. चार दिवस आधी. लग्नघरी पाण्याचा टँकरच आला नाही, पाव्हणे अंघोळीवाचून कावले, म्हणून तात्या अक्षता टाकून निघाले होते. खालून आवाज आला, "गुर्जी हायेत का?" आणि आई, जिला आयुष्यात खोटं बोलता आलेलं नाही, म्हणाली, "वर बसलाय. परवापासनं."

तात्या वर आले. अनवाणी.

"गुर्जी, उन्हात का बसले?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. अंगाला ऊन लागू द्या म्हणाले."

"अन् छत्री?"

मी छत्री मिटली. तात्या माझ्या शेजारी सतरंजीवरच टेकले. वैजापूरच्या कांद्याच्या भावाचं बोलले, भाचीच्या सासऱ्याचं बोलले. मी व्हय-व्हय म्हणत होतो. मग उठले. "चला, उठा. सतरंजी कडंला घेऊ, झाडून काढतो."

"तात्या, उठता येत नाही. पायाला मुंग्या आल्यात." हेही खरंच होतं.

तात्यांनी मला काखेत हात घालून उठवलं, कैऱ्यांची पाटी उचलावी तसं. दुसऱ्या हातानं सतरंजीचं टोक ओढलं. मी डोळे मिटले. मी एक डोळा उघडला तर तात्या उकिडवे बसून डागावर बोट घासत होते. बोट नाकाशी नेलं.

"कैऱ्या कुणी घातल्या?"

"मी," जिन्यातून आई म्हणाली.

"मोहरी घरची का आणलेली?"

"घरची."

"मग एक बरणी मला." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "गुर्जी, हे झाकून का ठिवलं?"

तेव्हा माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. कैऱ्या, धुण्याचं पाणी, लिंबं, साबण, ध्यान. शेवटी म्हणालो, "तात्या, तुम्ही म्हणाल त्या दिवशी घर सोडतो. फक्त आईला रागावू नका. आधीच्यालाही तुम्ही चहावरून घालवलं, मला माहीत आहे."

"चहावरून?" तात्या हसायला लागले. "त्याला वाळूजला काम लागलं, पहाटंची पाळी. कंपनीच्या जवळ राह्यला गेला बिचारा. चहा त्यानं नाय, मी सांडला होता."

मग त्यांनी मला हाताला धरून सतरंजीच्या कडंला नेलं. "हिकडं बघा." वीतभर पट्टा जो बाहेर राहिला होता, तो नव्हता. लाल नाही, पिवळा नाही, काही नाही. नुसता सागवान. "हळदीला ऊन सोसत नाय. हळद लागलेली नवरीची साडी दोन दिस उन्हात टाका, डाग आपसूक जातो. ह्ये कालच गेलं असतं. तुमी त्याला सावली धरून बसले!"

"पण लाल..."

"सोडा लागला की हळद लालच व्हणार की. कुंकू कशाचं करतेत? तुमच्या आईला ठावं असंल."

"मी सांगितलं होतं," आई म्हणाली.

"आता सतरंजी घेऊन खाली जा," तात्या म्हणाले. "ऊन डागाला पायजे, तुमाला नाय." मग जरा थांबून, डेककडं बघत म्हणाले, "खळ्यावर कायतरी वाळत पडलं पायजेच बघा. नुसतं झाडून झाडून कट्टाळा आला होता. वैनी, पुढच्या वर्षी पापडबी हितंच घाला."

मी सतरंजीची घडी घातली. पाणी वाचलं, घर वाचलं, तात्यांच्या तोंडाकडं बघता आलं. दोन दिवसांत डाग खरोखर निघून गेला. लोणचं उत्तम झालं. जायचे राहिले ते फक्त माझ्या मानेवरचे उन्हाचे चट्टे, ते दिवाळीपर्यंत पुरले.

पण त्या दुपारी जिना उतरताना तात्यांनी मागून हाक मारलीच. "गुर्जी, एक विचारायचंच राहिलं. शाळंत तुमी शिकवता काय?"

शोभानं तोंडाला पदर लावला. गेली अठरा वर्षं दर जूनमध्ये मी सातवीच्या वर्गात हळदीचा कागद साबणाच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवतो, मग लिंबू पिळून परत पिवळा करतो, आणि पोरं टाळ्या वाजवतात.

"भूगोल," मी म्हणालो.