सागाचा हातोडा आणि माझं मीटर

पावसाळा तोंडावर आला की आलापल्लीला थांबून जीपला खोल नक्षीचे टायर चढवायचे, हा आमचा दरवर्षीचा नेम. तिथून लशींच्या पेट्या घेऊन एटापल्लीच्या आतल्या गावांना जायचं असे, आणि तिकडे पंक्चरचं दुकान नव्हतं.

टायरवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हवा भरून झाली की तो सागाचा हातोडा टायरवर मारायचा, मान तिरपी करून आवाज ऐकायचा आणि हवेच्या दाबाचा आकडा सांगायचा. सहा वर्षं मी त्याच्या कानावर विसंबून जंगलात गेलो.

सातव्या वर्षी तो असाच वाकलेला असताना त्याच्या पाठीमागे एका ट्रकनं हॉर्न दिला. मी दचकलो. तो हलला नाही. मी कानाकडे बोट करून खुणेनं विचारलं.

"दोन सालांपासून काईच ऐकू येत नाई, भाऊ," तो म्हणाला.

मग मी त्याच्यासारखी मान तिरपी करून दाखवली.

"ते गिऱ्हाइकाले बरं वाटते म्हणून. मले हातोड्यातून हातात समजते."

त्या वर्षी मी नागपूरहून हवा मोजायचं मीटर आणलं होतं. ते खिशातून काढलं आणि त्याच्याकडे न बघता चारही टायर तपासले. त्यानं सांगितलेले अठ्ठावीस पौंडच निघाले. मी मीटर त्याच्यापुढे धरलं.

त्यानं ते नीट वाचलं.

"बरोबर हाय मीटर," तो म्हणाला. "वापरत जा."