दोन ट्रान्सफर

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी गरम भज्यांसारखे चवीने वाचतो आणि विसरून जातो. पण माझ्या टेबलाच्या खणात कागदाच्या दोन जुन्या चिठ्ठ्या आहेत. पासष्टी उलटली तरी त्यांचं काय करायचं ते कळलेलं नाही... म्हणून लिहितोय.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी हवाई बेटांवर, होनोलुलूला पीएचडी करत होतो. त्याआधी दोन वर्षं, सांगलीहून निघालो तेव्हा आई दारात दही-साखरेची वाटी घेऊन उभी होती. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवायचं, ही आपली रीत. मी पडलो मोठा शास्त्रज्ञ — "हात चिकट होतात गं, राहू दे," म्हणालो आणि रिक्षात बसलो. वळून पाहिलं तर ती वाटी धरून तशीच उभी होती. त्या वाटीने मला दोन वर्षं छळलं.

मग दादाचं पत्र आलं. आईला टायफॉइड झालाय, ताप उतरत नाही, जमलं तर ये. पत्र पोचायलाच बारा दिवस लागले होते. त्यात माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीत पाठवलेला. तो परत येईपर्यंत मी बेटावरून हलू शकत नव्हतो. दादाच्या शेजाऱ्यांकडे ट्रंक कॉल लावून बघितला, तो काही लागेना.

रविवारी खोलीत बसवेना. गाडी नव्हतीच. तिथे एक सिटी बस अख्ख्या बेटाला वळसा घालून चार तासांनी पुन्हा होती तिथेच यायची. कुठेच न पोचणारी बस त्या दिवशी मला बरी वाटली.

होनोलुलूतल्या आला मोआना नावाच्या स्टॉपवर चढलो. ड्रायव्हर साठीचा, फुलाफुलांचा शर्ट घातलेला. तिकडे वयस्कर माणसाला सगळे अंकल म्हणतात, आपल्या काकांसारखं. मी ट्रान्सफर मागितली, म्हणजे त्याच भाड्यात दुसरी बस पकडता यावी म्हणून देतात ती चिठ्ठी. त्याने दोन फाडून दिल्या.

"अंकल, मी एकटाच आहे."

तो माझ्या मागे बघून हसला. "ओके, ओके. सिट डाऊन, बॉय."

चुकला असेल, म्हणून मी दोन्ही खिशात टाकल्या.

अननसाची शेतं गेली, हलेइवा गाव गेलं, मग समुद्र जो खिडकीला लागला तो हटेचना. एवढं पाणी आईने जन्मात पाहिलं नव्हतं. तिला एकदा या बसमध्ये खिडकीशी बसवायची इतकी ओढ लागली, की शेवटी मी डोळे मिटून घेतले. तीन रात्री झोप नव्हती. डोळा लागला.

जाग आली तेव्हा कानेओहे गाव मागे टाकून बस डोंगर चढत होती. उजवा तळहात चिकट लागला. लिहायला लाज वाटते, पण मी तो चाटून पाहिला. आंबट-गोड... दही-साखर.

उठून पुढे गेलो. "अंकल, माझ्याजवळ कोणी आलं होतं का?"

"युवर मदर," तो रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला. "तू झोपला होतास. तिने तुझ्या हातावर काहीतरी ठेवलं, पांढरं. हाउपिया?" हाउपिया म्हणजे तिकडची नारळाची वडी.

"ती उतरली कुठे?"

त्याने आरशात मागे पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं.

आई गेली, अशी माझी खात्रीच झाली. दोन दिवस मी फोनजवळही गेलो नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून कॉल लावला, तो लागला.

"अरे, सोमवारी पहाटे ताप उतरला," दादा म्हणाला. "भाताची पेज मागून प्यायली. ग्लानीत काय काय बरळत होती. एसटी पाण्याच्या कडेकडेने चाललीय, ड्रायव्हर भलत्याच बाजूला बसलाय, शर्टावर फुलं... आणि म्हणे, त्याचं दही राहिलं होतं, देऊन आले."

तिकडची सोमवार पहाट म्हणजे आमची रविवार दुपार. मी रिसीव्हर धरून लहान मुलासारखा रडलो.

आता शर्टाबद्दल, बसबद्दल मी पत्रांत लिहिलं असेल, ते तापात वर आलं असेल. तळहाताचंही कुणी काही कारण काढेल. पण त्या ड्रायव्हरला कोण दिसलं?

त्यानंतर आई दहा-अकरा वर्षं होती. बेट बघायला चल म्हणून मी किती मागे लागलो. "बघितलंय की मी. आता परत कशाला?" एवढंच म्हणायची. खरंच कधी आली नाही.

मागच्या वर्षी क्युपर्टिनोहून, म्हणजे कॅलिफोर्नियात आता राहतो तिथून, मुद्दाम त्या बेटावर गेलो. बसमध्ये आता कार्ड टेकवायचं असतं, चिठ्ठ्या बंद झाल्यात. खिडकीची सीट मोकळी सोडून बाजूला बसलो. हलेइवा आल्यावर डोळे मिटले आणि उजवा हात मांडीवर उघडा ठेवला. कानेओहे आलं, डोंगर आला, शेवटचा स्टॉप आला. हात कोरडाच होता.