उजवा कौल, डावा कौल

अख्ख्या बेंगळूरात माझ्या मामांइतका औषधाला भिणारा माणूस झाला नाही, आणि कहर म्हणजे औषध न घेण्यालाही ते तेवढेच भ्यायचे! यशवंतपूरच्या बाजारात त्यांचं सुक्या मिरच्यांचं दुकान. दिवसभर ठसक्यात बसायचे, पण घरी साधी शिंक आली की चेहरा पांढराफटक. गोळी घ्यावी तर "इंग्रजी औषध उष्ण, आतडी जाळतं." गुळवेलीचा काढा घ्यावा तर "वेल कुठल्या गटाराकाठची, कोण जाणे!" एकदा त्यांनी सर्दीच्या गोळीचे विळीवर चार तुकडे केले, "स्वल्प बघू" म्हणत एक गिळला आणि तासभर स्वतःचीच नाडी धरून बसले.

शेवटी त्यांनी हा निवाडा देवीवर सोपवला. देव्हाऱ्यातल्या पितळी देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली शेवंती चिकटवायची. उजवं फूल आधी पडलं तर डॉक्टर, डावं पडलं तर झाडपाला. "मामा, देवी एमबीबीएस कधी झाली?" असं मी विचारायचो. "थट्टा नको रे, माझा जीव जातो भीतीनं," ते म्हणायचे.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. मामींना ताप आला. मामा रोज सकाळी कौल लावायचे आणि मेलं रोज डावंच फूल पडायचं. काढ्यावर काढे झाले. सातव्या दिवशी मी गेलो तर मामी मला ओळखेनात, भलतंच काहीतरी बरळत होत्या.

"मामा, उठा! दवाखान्यात न्यायचं."

"आजही डावाच कौल आहे रे. मोडला आणि हिचं काही झालं तर?"

"आणि नाही मोडला तर?" मी ओरडलो.

मामा देव्हाऱ्याशी गेले. हात जोडले, आणि देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल स्वतःच ढकलून पाडलं. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "ऑटो बोलाव."

विषमज्वर निघाला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मामा भिंतीला टेकून खालीच बसले. पंधरवड्यानं मामी घरी आल्या. "हिला सांगू नकोस," मामा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले. "देवीला सांगितलंय मी, कौल मी मोडला, काय राग काढायचा तो माझ्यावर काढ, हिला हात लावू नकोस."

त्यानंतर कौल बंद झाला, भीती मात्र दुप्पट झाली. जरा खोकला आला की मामा हळूच विचारायचे, "आला वाटतं राग?" "छे हो मामा!" म्हणून मी हसायचो. पुढे कित्येक वर्षांनी ते कायमचे अंथरुणाला खिळले, तेव्हा मला हसू येईना. मामी शेजारी बसून त्यांना पेज भरवत होत्या, चांगल्या ठणठणीत. त्या वाटी ठेवायला आत गेल्या तसा मामांनी माझा हात धरला.

"माझ्याकडेच आला बघ," ते म्हणाले. "बरं झालं."