बाळूचं 'ठीक हाय'

सरहद्दीवरची आमची पोस्ट बर्फात होती. सकाळी पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यात सज्ज; सहाला गस्त. मी हवालदार, सोनईचा. लान्स नाईक बाळू माझ्याच सेक्शनमध्ये, शेजारच्या गावचा. दुखलं तरी सिक रिपोर्टला, म्हणजे फौजी डॉक्टरकडे, जायचं नाही, ही आमची सगळ्यांची खोड. जो जाईल त्याला 'जावईबापू' म्हणून चिडवायचं. चिडवण्यात मी सगळ्यात पुढे.

त्या दिवशी सहा वीसला पलीकडून फायर आला. मी वायरलेस सेटवर विचारलं, "बाळू, रिपोर्ट."

"ठीक हाय, उस्ताद."

त्याच्या पोटात गोळी होती. आम्हाला चाळीस मिनिटांनी कळलं. त्याला पाठीवर घेऊन मी उतरायला लागलो. आठ दहाला खाली पोचलो, तेव्हा बाळू गेला होता.

त्याला बरीच वर्षं झाली. आता माझ्या कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झालीय, नसा दबतात. वाकून चाललं तर बरं वाटतं, ताठ उभं राहिलं की पाय पेटतात. आणि दरवर्षी बाळूच्या गावातल्या त्याच्या स्मारकापुढे सावधान उभं राहून सॅल्यूट करीन, असा शब्द मी त्याच्या आईला दिलेला. यंदा तो मोडणार, या धास्तीने नगरच्या डॉक्टरांकडे गेलो.

"दुखणं दहापैकी किती?"

"दोन, सर."

बायको भडकली. "दोन? अंगनातून फाटकापर्यंत जाताना तीनदा बसत्यात! खरं सांगा की!"

मी खाली बघत म्हणालो, "नऊ."

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची घाई नको. आधी कण्यात इंजेक्शन देऊन बघू. नळी रुंद होणार नाही, पण नसांची सूज उतरेल. आराम किती टिकेल, सांगता येत नाही. पायांतला जोर गेला तर मात्र ऑपरेशन."

पालथा झोपलो. बाळूला जिथे पेललं होतं, तिथेच सुई टेकली. मला रडू फुटलं.

बारा दिवसांनी स्मारकापुढे ताठ उभा राहिलो. सॅल्यूट पुरा झाला. हात खाली आला तेव्हा उजवा पाय थरथरत होता. शेजारी उभ्या बाळूच्या आईंनी ते पाहिलं.

"दुखतंय का रं?"

"व्हय आई, दुखतंय." मग इतकी वर्षं गिळलेलंही बोललो. "दुखतंय म्हननाऱ्याला मीच चिडवायचो, आई. म्हनून बाळू बोलला न्हाई."

 आई स्मारकाच्या चौथऱ्यावर हात टेकवत म्हणाल्या, "बस खाली."

मी बाळूच्या नावाशेजारी बसलो.