धुळाप्पाला दिसू लागलं

बकऱ्यांच्या बाजारात लोक धुळाप्पाला वचकून असत. तो दलाल होता. मंद्रूपच्या बाजारात मेंढपाळ बकरी घेऊन यायचे, सोलापुरातले खाटीक ती घ्यायचे आणि मधे धुळाप्पा उभा असायचा. जनावराच्या पाठीवरून हात फिरवला की मांस किती निघेल ते तो सांगायचा. बकरं चालेना झालं तर कान पिरगाळून चालवायचा. माणूस ऐकेना झाला तर माणसालाही तीच रीत. ओरडत मात्र कधी नसे, आवाज बारीकच होता. घरी आल्यावर तो चपला कशा काढतो त्यावरून बायको निंगव्वा ओळखायची, आज बोलायचं की गप्प बसायचं.

होटगी रस्त्याकडच्या वस्तीत धुळाप्पाच्या घरासमोर मी पिठाची गिरणी टाकली तेव्हा त्याची मुलगी प्रियदर्शनी विशीच्या पुढं गेलेली होती. टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायला जायची. तिचा डावा हात कोपरात वाकडा होता, सरळ होतच नसे. पिठाचा डबा ती उजव्या काखेत धरून न्यायची. लहानपणी पडली, हात मोडला, एवढंच वस्तीत सांगत. पाहुणे बघायला यायचे, चहा प्यायचे, हात बघायचे आणि निघून जायचे. पुढं पुढं यायचेही थांबले. धुळाप्पा तिच्यासमोरच म्हणायचा, खोड असलेल्या मालाला गिऱ्हाईक कुठनं येणार.

मग एका बाजाराच्या दिवशी परतताना धुळाप्पाचा टेम्पो उलटला. पुतण्या सिदू चालवत होता, तो बाहेर फेकला गेला आणि खरचटण्यावर निभावलं. धुळाप्पा मागं बकऱ्यांत बसला होता. त्याचा पाय पत्र्याखाली सापडला आणि अंगावर बकरी पडली. बरीच जागीच मेली. एक शेळी त्याच्या छातीवर आडवी पडली होती, तिचं तोंड त्याच्या कानाला लागलेलं. कंबर मोडली होती तिची. लोक जमले, पत्रा उचलायला यंत्र बोलावलं, ते येईपर्यंत ती त्याच्या कानात ओरडत राहिली. नंतर गप्प झाली. तिचा श्वास गरम होता, मग गार झाला, असं तो सांगायचा. जन्मभर बकऱ्यांच्या आवाजात वावरलेला माणूस, पण ऐकलं असं त्या दिवशीच.

दवाखान्यात त्याच्या पायाला वजन बांधून ठेवलं होतं. निंगव्वा डबा आणायची, खाटेशेजारी ठेवायची आणि परत फिरायची. बसायची नाही. सिदू तर तिकडं फिरकलाच नाही. धंदा त्यानं आपल्या नावावर चालू केला होता.

शेजारच्या खाटेवर शांतवन नावाचा म्हातारा होता. होटगीचा, रेल्वेत रूळ बघायच्या कामावर जन्म काढलेला, ख्रिस्ती. पोट पाण्यानं फुगलेलं, डॉक्टरांनी आशा सोडलेली. रोज सकाळी खिडकीतून ऊन आत आलं की हा म्हातारा शेजाऱ्याला हाक मारून सांगायचा, "पावणं, उजाडलं की." जणू काही उजाडेल असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. खिडकीच्या गजावर साळुंकी बसली तरी तो हसायचा. धुळाप्पाला त्याचा संताप यायचा. एकदा तो म्हणाला, मरायला टेकलास आणि दात काय काढतोस? शांतवनला राग आला नाही. त्यानं गोष्ट सांगितली. येशूभोवती मोठी माणसं मोठेपणावरून भांडत होती, तर येशूनं एक लेकरू आणून मधे उभं केलं आणि म्हणाला, असं झाल्याशिवाय माझ्या घरात शिरता यायचं नाही. शांतवन म्हणाला, मी आपला प्रयत्न करतोय.

धुळाप्पानं मग त्याला त्या शेळीचं सांगितलं. आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. शांतवन ऐकत राहिला आणि त्यानं हात लांब करून धुळाप्पाचा हात धरला. त्या हाताला कोणी आपणहून धरण्याची सवय नव्हती. चार दिवसांनी शांतवन गेला, तेही भर दुपारी, पाणी मागता मागता.

धुळाप्पा घरी आला तो लंगडत, आणि निराळाच होऊन आला. नळाला पाणी आलं की नळाखाली हात धरून बसायचा. माझ्या गिरणीत येऊन उन्हाच्या पट्ट्यात उडणारं पीठ बघत राहायचा. छावणीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थना भरायची, तिथं जाऊ लागला. पुढं बाप्तिस्मा घेतला. भावकीनं त्याचं नाव टाकलं. बिरोबाच्या जत्रेत त्याच्या खांद्यावर ढोल असायचा. त्या वर्षी ढोल दुसऱ्याकडं गेला आणि त्याला जेवायच्या पंगतीतून उठवलं. तो उठला आणि लंगडत घरी आला.

बाजारात तर याहून वाईट झालं. धुळाप्पा आता हात उचलत नाही ही बातमी तिथं पोचली होती. ज्यांना त्यानं कधीकाळी मारलं होतं ते सगळे होतेच. एकानं गंमत म्हणून थोबाडीत दिली आणि म्हणाला, दुसरा गाल कर. त्यानं केला. मग रांग लागली. सिदूही त्या रांगेत उभा राहिला. धुळाप्पाच्या नाकातून रक्त आलं, लोक हसत होते, कोणीतरी मोबाईलवर काढत होतं. संध्याकाळी ते वस्तीभर फिरलं. निंगव्वानंही गिरणीत कोणाच्यातरी फोनवर पाहिलं. मी तिथं होतो. तिनं फोन परत दिला आणि दळण मोजून घेतलं.

सिदूची काही बकरी धुळाप्पाच्या घरामागच्या परड्यात बांधलेली असत. एक शेळी व्याली. त्या सकाळी धुळाप्पा ओलं करडू मांडीवर घेऊन बसला होता. प्रियदर्शनी कामाला निघाली होती. त्यानं तिला हाक मारली. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

"पियू, हितं ये. बघ की, ह्याच्या डोळ्यातली बाहुली आडवी हाय. आपल्यावाणी गोल न्हाय. जलमभर बकरी इकली, मला कदी दिसलंच न्हाय."

प्रियदर्शनी जागच्या जागी थांबली.

"हे मी तुमाला दाखवलं होतं," ती म्हणाली. "असंच करडू मांडीवर घेऊन. त्याच दिवशी तुमी माझा हात मोडला."

मग वस्तीला पहिल्यांदा खरं कळलं. तेव्हा ती चौथीत होती. करडाचे डोळे बघून ती बापाला म्हणाली होती, ह्याला विकू नका. त्यानं ऐकलं नाही. खाटीक यायच्या आधी तिनं करडाची दोरी सोडली आणि ते पळून गेलं. धुळाप्पानं तिचा हात धरला आणि बकऱ्याचा कान पिरगाळावा तसा पिरगाळला. दवाखान्यात नेलं तर विचारतील, म्हणून हाडवैद्याकडं नेलं. त्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या. हाड वाकडंच जुळलं. करडू पुढच्या गल्लीत सापडलं होतं, ते संध्याकाळी खाटकाकडं गेलंच.

धुळाप्पा हे विसरला नव्हता. पण त्याला ते तोवर हिशेबातलं वाटत होतं, चूक झाली, शिक्षा झाली, संपलं. करडू त्याच्या मांडीवरून खाली उतरलं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, देवानं मला माफ केलंय, तूही कर.

निंगव्वा चुलीपासून उठून बाहेर आली. लग्न झाल्यापासून तिनं नवऱ्याला अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी केलं.

"तू लेकरू झालास. लई बरं झालं," ती म्हणाली. "हिचं लेकरूपण कुणी खाल्लं? तुझ्या देवानं तुला सोडलं तो तुमच्या दोघांतला सौदा. दलालानं इचारायला पायजे हुतं आदी, माल कुनाचा हाय."

एवढं बोलून ती आत गेली. प्रियदर्शनी कामाला गेली. धुळाप्पा दिवसभर परड्यात बसून होता.

त्यानं शेडमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या पाळकाला जाऊन सगळं सांगितलं. पाळक माणूस वाईट नव्हता, तरुण होता, उत्साही होता. म्हणाला, हीच तर तुमची साक्ष आहे, ही सगळ्यांसमोर द्या, मुलीलाही बोलवा. धुळाप्पाला वाटलं, लोकांसमोर कबूल केलं तर तिचं मन मोकळं होईल. त्यानं तिला आठवडाभर विनवलं. शेवटी ती गेली, का गेली ते तिलाही सांगता आलं नाही. कदाचित बाप सगळ्यांसमोर मान खाली घालताना बघायचा असेल.

शेड भरलेली होती. धुळाप्पा रडत रडत बोलला. मी कसा कसाई होतो, पोटच्या पोरीचा हात कसा मोडला, आणि देवानं मला उचलून कसं नवं केलं. लोक टाळ्या वाजवत होते, हालेलूया म्हणत होते. मग त्यानं बोट केलं, ती बघा माझी लेक. सगळ्या माना वळल्या. दोन बायका उठून तिच्याजवळ गेल्या, तिची बाही वर सारली, कोपरावर हात ठेवून मोठमोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. प्रियदर्शनी हात सोडवून घेऊ बघत होती. हात होता तसाच राहिला. तेव्हा त्यातली एक मायेनंच म्हणाली, बाळ, तुझ्या मनात कडूपणा आहे, तो गेल्याशिवाय हात सरळ व्हायचा नाही.

बाहेर रिक्षाची वाट बघत ती उभी होती. धुळाप्पा लंगडत मागोमाग आला. त्याचा चेहरा अजून ओला होता आणि उजळलेला होता.

"मगाशी तुमी पुन्यांदा मोडला," ती म्हणाली. "तवा निदान माणसं जमवली न्हवती."

त्या महिन्यातच तिनं कारखान्याजवळ एक खोली घेतली आणि आईला घेऊन गेली. निंगव्वानं भांडी नेली, एक पातेलं आणि एक ताटली त्याच्यासाठी ठेवली. सिदूनं बकरी सोडून नेली. धुळाप्पा शेडमध्ये जात राहिला, पण पुन्हा साक्ष द्यायला उभा राहिला नाही. पाळकानं खूप सांगितलं, जुनं गेलं, मागं वळून बघू नका. धुळाप्पा म्हणाला, आत्ता कुटं दिसायला लागलंय, आन् तुमी म्हणता बघू नगा. तेव्हापासून तिथलेही त्याच्याशी तुटक वागू लागले. तो शेवटच्या रांगेत बसायचा आणि संपलं की चटया गुंडाळून ठेवायचा.

पोटासाठी त्यानं माझ्या गिरणीत काम धरलं. दळणाची पोती उतरवून घ्यायची, जातं झाडायचं. वस्तीतली पोरं त्याच्या लंगडण्याची नक्कल करत मागून चालायची. तोही वळून त्यांच्याकडं बघून हसायचा, आणि त्यांना त्याचा आणखीच चेव यायचा. एकदा त्यांनी दगड मारला, कपाळ फुटलं. मी पोरांना शिव्या दिल्या. तो म्हणाला, मारू द्या, त्यांनी माझं ते मोबाईलवरचं बघितलंय.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी प्रियदर्शनी आली. रेशनकार्ड बापाकडंच राहिलं होतं, ते न्यायला. मी त्याच्या ओट्यावरच होतो. काम झालं, तरी ती निघाली नाही. उंबऱ्यात बसली, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत वर केली.

"बघा," ती म्हणाली. "रडायचं न्हाय. देवाचं नाव घ्यायचं न्हाय. नुसतं बघा."

धुळाप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं कधीच तो हात नीट पाहिला नव्हता. घरात असताना ती बाही लांब ठेवायची आणि तो नजर दुसरीकडं. ती सांगत गेली. इथं हाड वर आलंय. इथं थंडीत ठणकतं. शिवणयंत्रावर कापड ओढताना ह्या दोन बोटांना मुंग्या येतात. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापले. लहान मूल एखाद्या गोष्टीकडं टक लावून बघतं, मोठ्यांना अवघडून होईस्तोवर बघतं, तसा तो बघत होता. तो रडला नाही आणि नजरही काढली नाही. मलाच बघवेना, मी गिरणीकडं तोंड फिरवलं.

तिनं बाही खाली केली.

"चा करा," ती म्हणाली.

घरात दूध नव्हतं. तो लगबगीनं उठला, पिशवी घेऊन बाहेर पडला. दुकान कोपऱ्यावर होतं, पण दहा मिनिटं झाली, वीस झाली, त्याचा पत्ता नाही. प्रियदर्शनी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. तिला आईचं औषध न्यायचं होतं, औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत. शेवटी ती उठली.

तो आला तेव्हा दुधाची पिशवी छातीशी धरलेली होती. वाटेत पाण्याचा टँकर गळत होता, त्या फवाऱ्यावर ऊन पडलं होतं, आणि चिमण्या त्यात न्हात होत्या. तो उभा राहिला होता बघत. मला हे सांगतानाही त्याचे डोळे चमकत होते, आणि मग त्याला रिकामा उंबरा दिसला. त्यानं आत डोकावून पाहिलं. परत बाहेर आला. पिशवीकडं पाहिलं. त्याचं तोंड असं झालं की मला दुसरीकडं बघावं लागलं.

मी म्हटलं, गेली ती. लई वाट बघितली तिनं.

"काय म्हनली?" त्यानं विचारलं.

ती रिक्षात बसताना जे बोलली तेवढंच मी सांगितलं. त्यांना सांगा, म्हणाली, पुढच्या वेळी दूध आदी आणून ठेवा.

त्यानं ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग आत जाऊन निंगव्वानं मागं ठेवलेल्या त्या एकुलत्या पातेल्यात दूध तापत ठेवलं.