सुई अंगात हाय तवर

गुडघ्यात सुई घ्यायला बीडला निघालो, तवा मांजरसुंब्याला गाडी थांबली. आमचे मालक चहाला उतरले. मी खिडकीतच बसले. खाली उतरून परत चढायला गुडघा कुठं होता माझ्याकडं?

दुखणं नवं न्हवतं. शेळ्यांमागं हिंडण्यात उभा जन्म गेला. उजवा गुडघा आधी कुरकुर करायचा, मग सुजायला लागला, मग कूस बदलताना मेलेली आई आठवायची. शेळी बांधावर चढली की मी खालीच, हाका मारत. मालक म्हणाले, "इकून टाकू समद्या. बसून खा आता." बसून खा! जळलं मेलं ते बसून खाणं. पोरी आपापल्या घरी. घरात बसून काय भिंतीशी बोलू? शेळ्या हायेत म्हणून मी रानात असते, चार बायांशी बोलते, दोघींशी भांडते. शेळ्या गेल्या की माझ्यात अन् मोडक्या बाजेत काय फरक? मला चालता यायला पायजे होतं. त्याच्यासाठी सुई.

डाक्टर तरणा होता, पण खोटं बोलला न्हाई. म्हणाला, "मावशी, गुडघ्यातली गादी झिजलीय. ती सुईनं परत येत नाही. सूज उतरेल, दुखणं दबेल. कुणाला काही आठवडे बरं वाटतं, कुणाला काही महिने, कुणाला काहीच फरक पडत नाही. लगेच दुसरी देता येत नाही, मध्ये तीन-चार महिने जावे लागतात. थोडे दिवस रक्तातली साखर वाढेल, तिच्या गोळ्या चुकवू नका." गुडघा बदलायचं मी इचारलं. पण माझं काळीज तपासून भूल देणाऱ्या डाक्टरनं आधीच न्हाई म्हणून मान हलवलती. म्हणजे सुई हाच काय तो आधार.

कानानं समदं ऐकलं, मनानं एकच धरलं. दुखणं दबेल.

त्यानं आधी गुडघ्यातलं पाणी ओढून काढलं, करडीच्या तेलावाणी पिवळं. मग औषध सोडलं. मी मालकाचा हात आवळून धरलता. ते नर्सबाईला म्हणाले, "लग्नात बी एवढा घट्ट धरला न्हवता हिनं." त्या दिवशी गुडघा असा ठणकला की मी डाक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन-तीन दिवसांनी सकाळी चुलीपुढून उठले अन् तशीच उभी राहिले. उठताना तोंडातून "आई गं" आलंच न्हवतं.

मग काय इचारता! डाक्टरनं सांगितलतं, जपून वागा, उकिडवं बसू नका, मांडीचा व्यायाम करा. पण आमच्याकडं दुखायचं थांबलं की दुखणं गेलं, मग कशाचा व्यायाम अन् कशाचं जपणं? मी माळावर चढले. उकिडवं बसून खुरपलं. इकायला काढलेल्या दोन पाठी, तरण्या शेळ्या, त्या सुद्धा ठेवून घेतल्या.

मालक म्हणाले, "जरा दमानं. तू सुईचा बैल हाईस."

लई वर्षांमागं त्यांनी बाजारातून एक बैल आणलता. बाजारात नवरदेवावाणी चालला. सकाळी गोठ्यात बघतो तर पाय टेकंना. लंगडा बैल इकायचा म्हणून कुणीतरी बाजाराच्या दिवशी त्याला सुई टोचलती. तवापासून मालक गावभर सांगत हिंडायचे, बैलाची चाल बाजारात बघू नगा, घरी नेऊन रातभर बांधा, मग बघा. हे मला तोंडपाठ. तरी त्यांच्या त्या बोलण्याचा असा राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले न्हाई.

नव्याचे नऊ दिवस. थंडी पडली अन् एका दुपारी बांध उतरताना गुडघ्यात कळ आली, मी खाली बसले ती बसलेच. शेळ्या शेजारणीच्या हरभऱ्यात शिरल्या. ती तिकडून बोंबलत आली, "डोळे फुटले का गं तुझे?" मला उठता येईना. तिच्या डोळ्यांदेखत मी ढेकळांतून रांगत गेले. ते बघून तिनंच शेळ्या हाकून काढल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथंच ढसाढसा रडले.

मधले दिवस सरल्यावर दुसरी सुई घेतली. वंगणाची बी एक सुई असती म्हणं. डाक्टर म्हणाला, "तुमचा गुडघा फार पुढं गेलाय, तिचा भरवसा मी देणार नाही. अन् आजची कदाचित पहिलीएवढी टिकणार नाही." परत येताना गाडीत म्या मालकांना म्हणलं, "सुई अंगात हाय तवर शेळ्या मीच बाजारात नेऊन इकते. मागनं तुमी कुणाच्या बी गळ्यात माराल."

बाजाराला मी पायी गेले, शेळ्यांच्या मागं, जराबी न लंगडता. दोन खाटकांना हाकललं. एक बाई आली, तिनं आधी शेळीच्या पाठीवर हात फिरवला, मग दात बघितले. तिला दिल्या. आमच्यात जनावरासंगं दावं देत न्हाईत. दावं घरी राहिलं की गोठा परत भरतो म्हणतात. मी समदी दावी सोडून खांद्यावर टाकली. म्होरकी शेळी थोडी गेली, थांबली अन् माझ्याकडं तोंड करून वरडली. "जा गं बाई," मी म्हणलं.

वाटंत एक जण म्हणाला, "मावशी, लई झकास चालताय की!"

दुसऱ्या दिवशी सवयीनं उठले, भाकर बांधली, काठी घेतली, दारापर्यंत गेले. गुडघा काहीच बोलला न्हाई. मालकांनी बाजेवरून इचारलं, "कुठं निघालीस?"

खुंटीवर दावी लटकत होती.

"कुठंच न्हाई," म्हणून मी उंबऱ्यात बसले.

डाक्टरचा अंदाज चुकला. ती सुई लई दिवस टिकली.