मामांच्या पायांचं श्राद्ध

तुम्ही कधी जिवंत माणसाच्या पायांचं श्राद्ध जेवला आहात का? मी दर साल जेवतो. यजमान स्वतः समोर बसलेले असतात आणि "भाच्या, अजून एक पोळी घे, उजव्या पायाच्या नावानं. डाव्याच्या नावानं तू मघाशीच खाल्लीस," असा आग्रह करतात. असा आग्रह मोडता येत नाही आणि असली पोळी घशाखालीही उतरत नाही. आमच्या धाकट्या मामांइतका कडू माणूस ईटपासून येरमाळ्यापर्यंत सापडायचा नाही, आणि आपला कडूपणा इतक्या प्रेमानं तूप घालून वाढणाराही सापडायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मामा पाझर तलावाच्या कामावर मुरूम खोदायला होते. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळायची. म्हणून दरड खालून पोखरायची, म्हणजे वरची आपोआप ढासळते आणि माप लवकर भरतं, अशी तिथली रीत होती. एका दुपारी ती दरड मामांच्या पाठीवर ढासळली. डॉक्टरांनी सांगितलं, मणक्याच्या आतली दोरी तुटली, कमरेखालचं काही परत यायचं नाही. तलाव पुरा झाला. त्याच्यावर पुढाऱ्याच्या नावाची फरशी बसली, तिला पुढाऱ्यानं हारही घातला. ज्याचा मणका त्या भिंतीत गेला त्याचं नाव फरशीवर नाही. तेव्हा मामांनी आपला दिवस आपणच पाळायचं ठरवलं, आणि तोही तिथीनं. "तारीख सरकारची," ते म्हणतात, "तिथी माझी."

मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचून वाढलेला माणूस. पहिल्याच वर्षी मी त्यांना खडसावलं, "मामा, श्राद्धपक्ष हे सगळं थोतांड आहे."

"हाय की," मामा म्हणाले. "थोतांडच हाय. पर त्याला भिणारी माणसं खरी हायती ना? त्यांना बोलवायचंय मला."

त्यांनी आयुष्य असं बांधून घेतलं आहे की पाहणाऱ्याला हसावं की रडावं कळत नाही. बसायला ट्रकच्या टायरची ट्यूब, कारण कठीण जागी बसलं की कातडी फुटते, जखम होते आणि आपल्याला जखम झाली हे मामांनाच सर्वांत शेवटी कळतं. फिरायला सुतारानं केलेला फळीचा गाडा, त्याला बेअरिंगची चाकं. तो गल्लीतून निघाला की कुत्रीसुद्धा वाट सोडतात. मेलेले म्हणून ज्यांचं श्राद्ध घालतात ते पाय मधूनच आपले आपण झटका देऊन उडतात. तसा एक पाय एकदा समोर बसलेल्या गावच्या मास्तरांच्या मांडीवर बसला. मामा म्हणाले, "माफ करा गुरुजी, भूत हाय. त्याला माणसातलं कळत न्हाय." एका हिवाळ्यात चुलीपाशी बसून त्यांनी मामींना विचारलं, "अगं, भाकरी करपली का?" भाकरी करपली नव्हती. त्यांची टाच निखाऱ्यावर होती. हा किस्सा मामा प्रत्येक पाहुण्याला हसत सांगतात, आणि तो सुरू झाला की मामी उठून गोठ्यात जातात.

मामींबद्दल कुणी फरशी लावणार नाही, म्हणून मी इथं लिहून ठेवतो. रात्रीतून दोनतीनदा उठून नवऱ्याची कूस बदलायची, लघवीची नळी धुवायची, दोन म्हशी सांभाळायच्या आणि पहाटे दूध संस्थेत नेऊन घालायचं, हे सगळं त्या एकट्या करतात. त्यातून उरलेल्या वेळात नवऱ्याला बोलतात. "पाय गेलं, त्याचं श्राद्ध घातलं," त्या म्हणतात. "तोंड कवा जातंया, म्या वाट बघायलेय." मामा खूश होतात. त्यांना जशास तसं बोलणारं गावात दुसरं कुणी उरलेलं नाही. बाकीचे सगळे आवाज खाली करून 'कसं काय, बरं हाय का' एवढंच विचारतात आणि उत्तर यायच्या आत निघून जातात.

आता मामांना हवं काय होतं ते सांगतो. दूध संस्थेचे ते सभासद. दूध मामी घालतात, सभासदत्व मामांच्या नावावर. संस्थेनं दोन मजली इमारत बांधली. खाली पेंडीची पोती, वर कचेरी आणि सभागृह. मधे अरुंद, उभा जिना. म्हणजे सहकाराची व्यवस्था अशी की पेंडीला खाली जागा आणि सभासदानं वर चढायचं. मामांना वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला बसायचं होतं, हात वर करून बोलायचं होतं. मागणी एवढीच.

"उचलून नेतो की, त्यात काय!" चेअरमन म्हणाले. एके साली खरंच चौघांनी उचलून नेलं. सभा संपली, सगळे खाली चिवडा खायला गेले, आणि मामांना खाली आणायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. दिवस मावळताना मामी शोधत आल्या तेव्हा मामा आपल्याच घाणीत बसलेले होते, आणि भिंतीवरच्या थोर पुढाऱ्यांच्या तसबिरींकडे बघत होते. त्यानंतर त्यांनी सांगून टाकलं, "पोतं खाली ठेवायचं असतंय. म्या पोतं न्हाय, म्हणून वर विसरलाव तुमी. आता उचलायचं नाव काढायचं न्हाय. सभा खाली आणा."

चेअरमन हे मामांचे बालमित्र. तलावाच्या कामावर मुकादम तेच होते आणि 'खालून पोखरा' असं ओरडून सांगणारेही तेच. मामा श्राद्धाचं पहिलं आवतण त्यांनाच धाडतात. आणि ते दर साल येतात, मान खाली घालून जेवतात.

गेल्या साली मामांनी बेत केला. श्राद्धाचं पान कावळ्यासाठी माळवदावर ठेवलं. सगळी मंडळी अंगणात माना वर करून उभी. कावळा येईना. ऊन डोक्यावर आलं. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची इच्छा राहिली आहे, हे तिथल्या प्रत्येकाच्या रक्तात भिनलेलं. लोक इच्छा ओळखायला लागले. शेजारचे तात्या हात जोडून म्हणाले, "पायांनो, येडेश्वरीच्या जत्रंला जायचं ऱ्हायलं असंल, तर तुमच्या नावानं म्या जाऊन येतो." कावळा नाही. मास्तर म्हणाले, "नवीन चपला देऊ." कावळा नाही. तेव्हा मामा आपल्या ट्यूबवरून हळूच बोलले, "चेअरमन, पायांस्नी जिना नडतोय, असं मला वाटतंय."

सगळ्यांच्या माना माळवदावरून चेअरमनकडं वळल्या. चेअरमनना घाम फुटला. त्यांनी टोपी काढली, माळवदाकडं बघून हात जोडले आणि सगळ्यांच्या देखत बोलले, "औंदाची सभा खाली, दुधाच्या शेडात घेऊ. शिव बाबा आता."

माझ्यासारख्या नास्तिकानंही श्वास रोखला. आणि कावळा काही आला नाही. आम्ही तासभर उभे होतो. एक कावळा पलीकडच्या लिंबावर बसला होता, पण त्यानं पानाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चेअरमननी हळूहळू टोपी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसू लागली. "गड्या," ते म्हणाले, "पायांच्या मनात ते न्हाय. असतं तर शिवला असता."

मंडळी पांगल्यावर मामी बाहेर आल्या. "शिवंल कसा?" त्या म्हणाल्या. "पहाटंपासनं परसात बसून ह्यांनीच दुधात भाकरी कुस्करून घातल्या साऱ्या गावच्या कावळ्यांस्नी. उपाशी कावळा चेअरमन बोलायच्या आधीच येईल म्हणून. पोटं फुटस्तोवर खाल्लंय त्यांनी!"

मामांनी मला माळवदावरचं पान उतरवायला सांगितलं.

सभा वरच झाली. मी गेलो होतो. मामा गाडा घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकून बसले. सभासद त्यांना ओलांडून वर चढत होते. कुणी 'जरा सरका' म्हणालं, कुणी तेही नाही. वरून चेअरमनचा आवाज आला, "विषय पहिला, एकमतानं मंजूर." मामा खालून ओरडले, "नामंजूर!" वर थोडं हसू झालं. "विषय दुसरा, एकमतानं मंजूर." "नामंजूर! अरे, म्या हितं खाली बसलोय, एकमत कसं म्हणतूस?" शेवटच्या विषयापर्यंत मामांचा आवाज बसला होता, पण त्यांनी एकही विषय सोडला नाही. मी वर जाऊन गोंधळ घालणार म्हणून उठलो, तर त्यांनी माझं धोतर धरलं. "तुझं मत न्हाय तिथं. माझं हाय."

सभा सुटली. लोक डोळे चुकवून उतरून गेले. सर्वांत शेवटी चेअरमन उतरले आणि जाता जाता खालच्या पायरीवर बसले, मामांच्या अगदी शेजारी. मग चेअरमन म्हणाले, "लोकं जिथं बसतील तिथं सभा, गड्या. ती वर जाऊन बसत्यात. म्या एकला काय करू?" ते गेल्यावर मी मामांजवळ त्यांना भ्याड म्हणालो, आणखीही पुष्कळ म्हणालो. मामांनी ऐकून घेतलं. मग मातीकडं बघत म्हणाले, "दरड पडली तवा सगळी पळाली. ह्यानं एकल्यानं हातानं माती उकरली. नखं गेली व्हती त्याची." त्यांच्या आवाजात इतका मऊपणा मी कधी ऐकला नव्हता.

पण लोक बसतील तिथं सभा, ही एक गोष्ट चेअरमन खरी बोलले, आणि ती तुमच्यासाठी आहे. तुम्ही कुठल्या ना कुठल्या संस्थेचे सभासद असाल, दुधाच्या, बियाण्याच्या, सुताच्या. तिथंही जिना असेल आणि त्याच्या तळाशी कुणीतरी असेल. यंदा सभेची हाळी आली की वर चढू नका. त्या माणसाच्या शेजारी मांडी घालून बसा, आणि बरोबरच्यालाही हाताला धरून बसवा. वर गणसंख्या, म्हणजे सभेला लागतात तेवढी डोकी, भरली नाही तर सभेला खाली यावंच लागेल. ती खाली आली की आधी त्या माणसाला बोलू द्या, आणि तो 'नामंजूर' म्हणाला तर ते लिहून घ्यायला लावा.